सुकं पान समजून टाकलेली पाकोळी

गावाहून आलेली पुडी मी बाल्कनीत झाडूनच आत घ्यायची. मस्कतमधल्या वादी कबीरच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकदा कुळथाच्या पिठातून घरभर किडे झाले, तेव्हापासूनची ही शिस्त. तिचा मला तोराही होता. त्या वर्षी जवळच्या हमरियात दुकानावर काम करणारा आमच्या वाडीतला एकजण सुट्टीवरून परतताना बाबांची पुडी घेऊन आला. आमसुलं, पीठ आणि वहीच्या कागदाच्या घडीत एक सुकं पान. ‘आता पालापाचोळाही पाठवायला लागले,’ असं पुटपुटत मी ते केरात टाकलं. दुपारपर्यंत इमारतीचा कचरा गेलाही.

शुक्रवारी बाबांना फोन लावला. त्यांनी पहिलंच माझ्या मुलीबद्दल विचारलं, “चेडवाक पाकोळी दाखवलंस मां गो?”

ते पान नव्हतं, पाकोळी म्हणजे फुलपाखरू होतं. पंख मिटले की हुबेहूब सुकं पान, उघडले की निळी, अशी ती पाकोळी. ही अख्खी जमात सह्याद्रीपासून पार आग्नेय आशियापर्यंत ओल्या, दाट झाडीतच राहते. मस्कतच्या बोडक्या खडकांत तिचं काय काम! बाबांना ती कारवीच्या रानात मेलेली सापडली होती. नातीला मालवणी येत नव्हती, कारण शाळेतलं इंग्रजी बिघडेल म्हणून मीच ती शिकवली नाही. दर शुक्रवारी दोघांचं बोलणं ‘हॅलो आजोबा, बाय आजोबा’वर संपायचं. पाकोळीच्या निमित्ताने नात आपल्याशी चार शब्द बोलेल, एवढीच त्यांची आस होती.

खरं सांगायला माझी जीभ रेटेना. “दाखवलंय. तिका खूप आवडली,” मी म्हटलं. तिथेच थांबायचं, तर नाही. अतिशहाणपणा करून मुलीला बोलावलं, कानात ‘थँक यू आजोबा, व्हेरी ब्यूटिफुल’ पढवलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

ती पोपटासारखं बोलली. बाबा खुदकन हसले. मग तिला कळावं म्हणून एकेक शब्द पुस्तकी मराठीत जुळवत त्यांनी विचारलं, “आतून कुठला रंग होता, बाळा?”

मी काही खुणावायच्या आत ती म्हणाली, “अं... येलो?”



“होय बाळा, येलो,” बाबा म्हणाले. “बरोबर सांगितलंस.”

आणि त्या शुक्रवारी माझ्याशी न बोलताच त्यांनी फोन ठेवला.