बूट न घालताच नापास

आज रविवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आपल्या बेळगावच्या स्केटिंग रिंकवर माझ्या नातीवर अन्याय झाला. पालकहो, शांतपणे लिहायचं ठरवलंय, पण जमेल असं वाटत नाही.

तन्वी तेरा वर्षांची. गेल्या वर्षी तिचा पाय मोडला. बर्फावरच्या स्केटिंगच्या शिबिरासाठी आज रिंकवर चाकांच्या बुटांवर निवड चाचणी होती. त्या चाचणीसाठी ही पोरगी सात महिने रोज स्वयंपाकघरात, घडी घातलेल्या वाकळेवर त्याच पायावर उभी राहिली. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत. सुरुवातीला पहिल्या शिट्टीआधीच कोलमडायची.

आज प्रशिक्षकांनी तिला फाटकातून चालत येताना पाहिलं आणि यादीतलं नाव खोडलं.

"आक्का, पोरगी लंगडतीया. पुढच्या वर्षी बघू की."

"अहो, चालायची परीक्षा आहे का? चाकांवर ती लंगडत नाही. बूट तरी घालू द्या!"

"पडली तर तुम्हीच माझ्या नावानं बोंबलशीला."

हे खरं आहे. मी बोंबललेच असते. पण आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पेपर न वाचता कुणाला नापास करत नसत.

घरी येऊन कुकर लावला. तिन्ही शिट्ट्या झाल्या. तन्वी उठली नाही.

"आज्जी, आता कशाला?" एवढंच म्हणाली.

सर, तुम्हीही या ग्रुपवर आहात. तिला कशावरून बाद केलं, ते बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत लेखी कळवा. अंगठा नको, जोडलेले हात नकोत. पूर्ण वाक्यात लिहा. ते मला तिला वाचून दाखवायचं आहे.