प्रायश्चित्त पळत पळत

काल गारखेड्यात शेजाऱ्यांच्या दाराला पॉलिश चालू होतं. त्या वासानं मला थेट चर्चमधल्या कन्फेशनच्या लाकडी जाळीपुढं नेऊन बसवलं. तेव्हा मी अकरावीत होतो.

दर महिन्याला ताई मला दामटून पाठवायची. मी नाखुशीनं जाऊन ठरलेली तीन पापं पुटपुटायचो: खोटं बोललो, चिडलो, प्रार्थना चुकवली. त्या शनिवारी मात्र चौथं तोंडातून सुटलंच.

"फादर, ताईला नर्सिंगला जागा मिळाल्याचं पत्र मी आठ दिवस लपवलंय. आई गेल्यापासून तीच माझं सगळं बघते. ती गेली तर माझं कसं व्हायचं?"

"हजर कधी व्हायचंय?"

"परवा, सोमवारी."

"पत्र कुठंय?"

"खिशात."

फादरनी घाईघाईत पापक्षमा दिली. "आता पळ, बाबा! प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मरियाच्या प्रार्थना वाटेत म्हण."

मी चपला हातात घेऊन धावलो. ताई भाकरी थापत होती. पत्र वाचून तिनं पिठाच्या हातानंच माझ्या कानाखाली दिली, अन् लगेच मिठी मारून ओरडली, "आरं, बघतो काय? माळ्यावरची ट्रंक काढ!" गाल चुरचुरत होता, आणि आनंदानं माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

आज पन्नाशीतही मी कन्फेशनला नाखुशीनंच जातो, पण चुकवत नाही. फक्त एक गोष्ट आजवर कुणालाच सांगितली नाही. धावताना इतकी धाप लागली होती, की त्या तीन नमो मरिया राहूनच गेल्या.

येत्या शनिवारी सांगून टाकतो.