धवल्यात कंपनीचं नाव

चोपड्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक असलेले बडगुजर काका नसते, तर मी पदवीधर झालो नसतो. घरी अभ्यासाला जागा नव्हती. काकांनी पंख्यासकट आपली केबिन दिली. गाड्यांच्या घोषणा ऐकत मी कायदा पाठ केला.

आता मी ठाण्यात एका वकिली कचेरीत उमेदवारी करतो. आमची अशील एक परदेशी कंपनी. तिच्या देशाचा आपल्या देशाशी करार आहे: तिकडच्यांनी इथे केलेली गुंतवणूक सरकारने हिरावली, तर परदेशात तीन पंचांच्या लवादापुढे भरपाई मागता येते. कंपनीचं म्हणणं, परवाना रद्द करून सरकारने मोहन्याजवळची तिची जमीन हिरावली. तिथे आता पाऊलही ठेवता येत नाही.

"बंद फाटकाचा फोटो आण आणि पाहिलेलं लिहून दे," कचेरीच्या वकील मॅडम म्हणाल्या. "हे नीट झालं की तुला कायम करते."

माजिवड्याहून बसने कल्याण, तिथून रिक्षा. मोहन्यात रेयॉनच्या जुन्या कारखान्याच्या भिंतीलगत पुढे गेलं, की रस्ता नदीकडे उतरतो. फाटक सताड उघडं होतं. आत मांडव, मांडवात हळद.

"दादूस, पोराकरचा का पोरीकरचा?" नवऱ्या मुलाच्या आत्याने विचारलं.

"कंपनीकडचा."

"अगं बया, कंपनीकरचं आलं! पाट मांडा!"

तांदळाची भाकरी आणि मटण पुढे आलं. जेवता जेवता मी सांगितलं, की कंपनीला इथे येता येत नाही.

"कोन म्हनतं? सकालीच तुमचा साहेब आलता. त्यानंच फाटक खोललं. दरसाल लग्नांना जागा देतो. भला मानूस, फकस्त नाचता येत नाय."

मग धवलारीण (लग्नात धवले, म्हणजे मंगलगाणी म्हणणारी बाई) गाऊ लागली. गणपती झाला, गावदेवी झाली, त्यानंतर कंपनीचं पूर्ण नाव आलं. 'प्रायव्हेट लिमिटेड' तिने चांगलं लांबवलं.

"कंपनीचं नाव कशाला?" मी आत्याला विचारलं.

"जागा ज्याची, त्याचं नाव नको घ्याला?"

परतताना बसमध्ये विचार करत होतो. परदेशी गुंतवणूकदाराला न्याय्य वागणूक द्यावी, असं करारात असतं. देवांच्या पंगतीला बसवावं, असं कलम माझ्या वाचनात नाही.

मी सगळं लिहून दिलं.

"बंद फाटक कुठंय?" मॅडमनी विचारलं.

"उघडं होतं."

"लग्न झाल्यावर बंद होईल ना? तेव्हा परत जा."

"होईल. पण बंद कंपनीचे साहेबच करतील. किल्ली त्यांच्याकडे असते. तेही लिहिलंय."

त्या संध्याकाळी काकांना पत्र पाठवलं:

ती. काकांस सा. नमस्कार.
कल्याणच्या पुढे जाऊन आलो. माणसं चांगली आहेत, पोटभर जेवू घातलं. जे पाहिलं तेच अहवालात लिहिलं. मॅडम ओरडल्या नाहीत; पहिल्या तारखेपासून येऊ नकोस, एवढंच म्हणाल्या. मी कायम होणार म्हणून तुम्ही स्टँडवर पेढे वाटणार होतात. अजून आणले नसतील तर थांबा. वाटून झाले असतील, तर ते माझ्या पहिल्या अहवालाचे समजा.
तुमचा,
दिनेश