पाण्याच्या जारखालचं स्टूल

मागच्या वर्षी लाभपाचमच्या सकाळी साडेनऊ वाजता, पर्वत पाटियाजवळच्या साड्यांच्या एका कारखान्यात, एका बाईवर अन्याय झाला. ती तेव्हा तिथे नव्हतीच. डिंडोलीतल्या आपल्या खोलीत, आंघोळ उरकून, डबा भरून, फोनकडे बघत बसली होती. कुणी तिला काढलं नाही, कुणी ओरडलं नाही. फक्त फोन आला नाही.

सुरतबाहेरच्यांसाठी सांगते. दिवाळीला आमच्याकडचे कारखाने बंद होतात आणि लाभपाचमला उघडतात. मॅनेजर एकेकाला फोन करतो, पूजा होते, पेढे वाटतात. ज्याला फोन आला तो कामावर. ज्याला आला नाही त्याने समजून घ्यायचं. सही नाही, कागद नाही, भांडायचं तर कुणाशी?

तिचं नाव लिहीत नाही, तिने शपथ घातली आहे. पण तुमच्या कपाटात सुरतची एखादी साडी असेल, तर कदाचित ती तिच्या बोटांखालून गेलेली असेल. चेकिंगच्या टेबलाशी उभी राहून ती दोन बोटांत काठ धरायची आणि साडी सरकवत न्यायची. डोळे भलतीकडे, तोंडाने गप्पा चालू. मध्येच बोटं थांबायची. तिथे तुटका धागा नाहीतर डाग असायचाच. मग ती त्यावर लाल चिकटपट्टीचा तुकडा डकवायची आणि साडीला म्हणायची, "चाल, जाय माहेरले." म्हणजे माल परत.

तिचं दुसरं वाक्य होतं, "सांगसू ना, पन आज नही." पगारवाढीचं शेठला कधी सांगणार? सांगसू ना, पन आज नही. पाय सुजतात हे नवऱ्याला? तेच.

मी तिच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. गेटवर उभी राहून कामगारांना पत्रकं वाटते. ती मला पेपरवाली म्हणायची. "काय वं पेपरवाली, आज कोन्हावर राग शे?" रोजच कुणावर तरी असायचा. ती हसायची आणि पत्रक घडी घालून डब्याखाली ठेवायची. तेल गळलं तर उपयोगी, असं मला तोंडावर सांगायची.

त्याच वर्षी श्रावणात तिच्या घरी कानबाई, खानदेशातली देवी, बसली. मी प्रसादाचे रोट खायला गेले. बाकीच्या बायका उठून गेल्यावर तिने मला थांबवून घेतलं आणि ताटं आवरता आवरता सांगितलं. आदल्या वर्षी चौथ्या महिन्यात तिचं पोटातलं बाळ गेलं होतं. कारखान्यात तिने ताप आला म्हणून सांगितलं आणि पाचव्या दिवशी पुन्हा टेबलाशी उभी राहिली. डॉक्टरीण म्हणाली होती की पुन्हा दिवस राहिले तर पहिल्या दिवसापासून बसून काम करायचं. वय चौतीस. आता उशीर नको.

"म्हनजे आधी स्टूल पाहिजे," ती म्हणाली. "मग बाळ."

स्टूल कारखान्यात एकच होतं. त्याच्यावर पाण्याचा जार ठेवलेला. "माले स्टूल दिधं तर पानी कोठे ठेवतीन?" तिने हसत विचारलं. मी हसले नाही. मी भाषण केलं. बाळंतपणाची रजा हा तुमचा हक्क आहे, मालक उपकार करत नाही, लेखी कळवा, घाबरू नका. पिशवीतून पत्रक काढून दिलं.

दोन दिवसांनी तिने ते परत केलं. एका ओळीवर लाल पट्टी चिकटवलेली. ओळ होती, "मालकाला वेळेत कळवा."

"यामा कव्हय सांगानं ते कोठे शे?" तिने विचारलं. कधी सांगायचं, ते कुठे लिहिलंय? "दिवस राहिल्यावर सांगितलं तर तोवर मी उभीच. आधी सांगितलं तर शेठ दुसरी बघेल. तू शिकेल-सवरेल पोर शे. दिवस सांग."

माझ्याकडे दिवस नव्हता. पण नाही म्हणायची मला सवय नव्हती. मी म्हणाले, "लपवून काय मिळालं मागच्या वेळी? आधीच सांगा. दिवाळीआधी सांगा, शेठ खुशीत असतो."

हे मी म्हणाले. लिहून ठेवते.

धनत्रयोदशीला शेठ मिठाईचे डबे वाटत होता. तिने सांगितलं. शेठ, विचार आहे, अजून काही नाही, फक्त बसायला मिळालं तर. शेठ रागावला असता तर बरं झालं असतं. तो हसला. म्हणाला, "सारी वात छे, बेन. हवे आराम करजो." चांगली गोष्ट आहे, आता आराम करा. आणि तिला मिठाईचे दोन डबे दिले. संध्याकाळी एक डबा तिने मला आणून दिला. "तुन्हं बरोबर होतं," म्हणाली. मी काजूकतली खाल्ली.

लाभपाचमला दुपारी मी कारखान्यात गेले. मॅनेजर सज्जनपणे म्हणाला, "काढलं कुठे? शेठनेच आराम करायला सांगितलं ना?" तिच्या टेबलाशी वीसेक वर्षांची एक मुलगी उभी होती, काठ नीट धरता येत नव्हता. कोपऱ्यात स्टूल. स्टुलावर जार.

मग मी कामगार कचेरीत गेले. साहेबांनी विचारलं, गर्भवती असल्याचा दाखला? नाही, अजून राहिलेलीच नाही. काढल्याचं पत्र? नाही. "मग तक्रार कशाची लिहू, बेन?" ते चिडून बोलत नव्हते. खरंच विचारत होते. तक्रारीचा कोरा कागद मी तसाच पिशवीत घातला. एवढी पत्रकं लिहिली मी.

परत येऊन तिला सांगितलं. ती घरी साड्यांना खडे चिकटवत बसली होती. "बघ, आते बशीसनच काम शे," म्हणाली. आता बसूनच काम. नवऱ्याचा लूम एकच पाळी चालत होता, म्हणजे त्याचीही कमाई कमी. मी मूर्खासारखं विचारलं, "ताई, मग बाळाचं?"

बोटांना लागलेला गोंद तिने पदराला पुसला.

"सांगसू ना," ती म्हणाली, "पन आज नही."

होळीनंतर खोलीला कुलूप दिसलं. शेजारीण म्हणते, अमळनेरकडे गेले. फोन लागत नाही. लाल पट्टीचं पत्रक माझ्याकडे आहे. ती ओळ कशी सुधारायची ते अजून मला कळलेलं नाही, म्हणून नवीन पत्रक छापलेलं नाही.

तोवर, कारखान्यात कामाला असाल तर, तुम्ही एवढं करा. येत्या लाभपाचमला तुमच्या हातात पेढा ठेवतील. तो लगेच तोंडात टाकू नका. टेबलं नव्हे, चेहरे मोजा. कोण आलेली नाही ते बघा आणि सगळ्यांसमोर, मोठ्याने, तिचं नाव घेऊन विचारा, ती कुठे आहे? उत्तर मिळेपर्यंत पेढा हातातच ठेवा.