भिंतीवरची मापं

पीओपीवाल्याने आमच्या नव्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेली मापं मी ओल्या फडक्याने पुसून टाकली. मला ती घाण वाटली. छताच्या कडेला पट्टी किती फूट, पुट्टीच्या गोण्या किती, सगळं तिथंच होतं. वास्तुशांत चार दिवसांवर, आणि माल आणायला नारायणगावला निघालेला टेम्पो दारात.

"कागदावर लिहायला काय झालं होतं?" मीच उलटा ओरडलो.

"कागद हारवतो, राव. भिंत कुठं जाती?"

रागावला तरी त्याचा आवाज चढत नसे. टेप तेवढा खाडकन मिटायचा. सगळी खोली त्यानं तशीच खाडखाड पुन्हा मोजली. मग स्टुलावर चढून आकडे थेट छताखाली लिहिले.

"हितं तुमचा हात पोचत न्हाई," तो म्हणाला, "डोकं तर कुठंच पोचत न्हाई."