परिपाठात पाच मिनिटं

मंडळी, आज शाळेत घास घशाखाली उतरला नाही. शेंगदाण्यामुळं नव्हे.

मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, आणि आमच्या कोल्हापुरात कूट घातल्याशिवाय भाजी होत नाही! म्हणून महिनाभर मॅडमच्या मागं लागून आज परिपाठात पाच मिनिटं बोलले. घसा कसा सुजतो, श्वास कसा अडकतो, सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "शेंगदाणे खाल्ले तर साबणानं हात धुवा, मगच माझ्या शेजारी बसा." टाळ्या पडल्या की!

मधल्या सुट्टीत आम्ही पाच जणी रोज गोल करून जेवतो. आज डबा घेऊन गेले, तर चौघींचाच गोल झालेला.

सानिका, माझी पहिलीपासूनची मैत्रीण, लांबनंच म्हणाली, "माझ्या भाजीत कूट हाय गं. तुला काय झालं म्हणजे? तू तिकडंच बस की."

चेहरा खरंच काळजीचा होता. रागावताही येईना.

शेवटच्या बाकावर एकटीच डबा उघडून बसले. मैत्रिणींसाठी आईनं जास्तीच्या दिलेल्या चपात्या तशाच घरी आणल्या.

तुम्हीच सांगा, मी हात धुवून बसा म्हटलं होतं. बसू नका असं कुठं म्हटलं होतं?