अंगठ्याचा फोटो

आष्ट्याचा आमचा कॉम्प्युटरवाला प्रत्येक वाक्याला "व्हय का न्हाई?" जोडतो आणि उत्तरासाठी कधीच थांबत नाही. आमचा जुना कॉम्प्युटर त्याने घरचा सर्व्हर केला. त्यातले फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर दिसू लागले. डिलीट करायचा हक्क मात्र त्याने मला नाही, आईला दिला.

"घरातलं काय टाकायचं ते मावशीच ठरवणार. व्हय का न्हाई?"

परवा तो पुन्हा आला. चाचणीसाठी काढलेला, चुकून त्याचाच अंगठा आलेला फोटो अजून तिथेच होता.

"आवं मावशी, ह्यो काढा की!"

"असू दे रं," आई म्हणाली. "घरात आलेल्या माणसाला कुणी काढून टाकतं व्हय?"

तो माउसची वायर उगाच सरळ करत राहिला.